बिटकॉइन मायनिंगचा एस१९ दुपारी ६३ टेराहॅशवर येतो, रात्री पूर्ववत होतो. नागपुरात कुणी पाहून सांगेल का?

बर्डी_सोल्डर · ९ मे, रात्री ११:२०

नमस्कार मंडळी. मानेवाड्याला राहतो, बर्डीवर मोबाइल दुरुस्तीचं छोटं काउंटर आहे. फेब्रुवारीत सेकंडहँड अँटमायनर एस१९ घेतला, म्हणजे बिटकॉइन काढायचं मशीन, ९५ टेराहॅशवाला (टेराहॅश हे त्याच्या हिशेबाच्या वेगाचं माप). पैसे दोन वर्षं बाजूला टाकत होतो त्यातले आहेत, म्हणून जरा घाबरून लिहितोय.

मार्चमध्ये मशीन छान चालली, ९४ ते ९५ यायचे. एप्रिल अर्धा झाल्यापासून दुपारी साडेबाराच्या सुमारास तीनपैकी एक हॅशबोर्ड (हिशेब करणाऱ्या चिपांची पाटी) जातो. लॉगमध्ये चेन १ वर, म्हणजे त्या बोर्डावर, शून्य चिप सापडल्याचं येतं, मशीन स्वतःच रीस्टार्ट होते आणि मग दोन बोर्डांवर ६३ देत राहते. रात्री नऊनंतर रीस्टार्ट केली की तिन्ही बोर्ड परत दिसतात. पूलवर (अनेक जण मिळून मायनिंग करतात ती सेवा) चोवीस तासांची सरासरी ८३-८४ येते.

मशीन गच्चीवरच्या खोलीत आहे, वर पत्रा. एक जण म्हणतो बोर्ड गेला, दिल्लीला पाठव. दुसरा म्हणतो बाहेरचं फर्मवेअर (मशीनच्या आतलं सॉफ्टवेअर) टाक. दोन्हींत पैसा जातो. आधी काय तपासू?

---

बुटीबोरी_शिफ्ट · ९ मे, रात्री ११:४८

भाऊ, बोर्ड मेला असता तर रात्रीही मेलेलाच राहिला असता. रात्री जिवंत होऊन राहिला म्हणजे त्याला दुपारचं काहीतरी सोसत नाही. मे महिन्यात पत्र्याखाली आपल्यालाच बसवत नाही जी, ही तर सव्वातीन हजार वॅटची भट्टी आहे. कंपनीनं हवेची मर्यादा ४० अंश दिली आहे. आपल्याकडे सावलीतच ४४ असते.

आणि बाहेरचं फर्मवेअर घाईनं टाकू नका. माझ्या एस९ मध्ये (अँटमायनरचंच जुनं मॉडेल) आधीच्या मालकाकडून आलेलं फर्मवेअर होतं. रोज थोडा वेळ ती कुणा दुसऱ्याच्या पत्त्यावर (कमाई जमा होते त्या खात्यावर) काम करायची. पूलवर कमी दिसायचं आणि मी महिनाभर पंखे बदलत बसलो. तुमची मशीनही सेकंडहँड आहे. मूळ फर्मवेअर एसडी कार्डवरून पुन्हा टाका, रूट-रूट हा पासवर्ड असेल तर आजच बदला, पूलच्या तिन्ही ओळींत पत्ता तुमचाच आहे का ते अक्षर न् अक्षर पाहा.

---

अर्थिंग · १० मे, सकाळी ६:३५

मी वीजकामातला आहे, मायनिंगचं फार कळत नाही. पण ज्या वेळा दिल्या आहेत त्या वाचून मला आधी व्होल्टेज आठवलं. साडेबारा वाजता अख्ख्या मानेवाड्यात कूलर आणि एसी सुरू होतात, रात्री उशिरा भार उतरतो. उन्हाची वेळ आणि व्होल्टेज पडण्याची वेळ आपल्याकडे एकच असते, त्यामुळे दोष उन्हाचा की विजेचा हे घड्याळाकडे पाहून ठरत नाही. मोजावं लागतं.

मशीन उघडू नका. मल्टिमीटर घ्या आणि चार आकडे द्या: मीटरपाशी आणि मशीनच्या सॉकेटपाशी, रात्री आणि दुपारी. मशीन चालू असताना, तिन्ही बोर्ड सुरू असताना. बोर्ड गेल्यावर मोजाल तर भार कमी झालेला असेल आणि आकडा फसवेल. शिवाय वायर किती जाडीची आहे, किती लांब आहे, मध्ये काय काय जोडलं आहे तेही लिहा.

---

बर्डी_सोल्डर · ११ मे, दुपारी १:०५

काका, मोजलं.

रात्री ११ वाजता: मीटरपाशी २२८, सॉकेटला २१७.
आज दुपारी १२:१५, बोर्ड जायच्या आधी: मीटरपाशी २०२, सॉकेटला १८९.

वायर दीड एमएमची, तळमजल्यावरच्या मीटरपासून गच्चीपर्यंत साधारण ३० मीटर. मशीनच्या दोन्ही कॉर्ड एकाच एक्स्टेंशन बोर्डात आहेत. बोर्डाचं प्लास्टिक हाताला गरम लागतं.

फर्मवेअर मूळचं टाकलं, पत्ता माझाच आहे, पासवर्ड बदलला.

---

अर्थिंग · ११ मे, दुपारी १:२२

तो एक्स्टेंशन बोर्ड आत्ता काढा. मशीन बंद करून काढा. बाकीचं नंतर वाचा.

आता हिशेब. दीड चौरस मिलिमीटर तांब्याच्या वायरचा रोध किलोमीटरला १२.१ ओहम. तुमची जाऊन-येऊन ६० मीटर, म्हणजे ०.७३ ओहमच्या आसपास. मशीनचा पॉवर सप्लाय ठरलेले वॅट ओढतो. व्होल्टेज कमी झालं की तो करंट वाढवून घेतो. २१७ ला ३२५० वॅट म्हणजे १५ अँपिअर, १८९ ला १७ च्या वर. १७ अँपिअर गुणिले ०.७३ केलं की बारा-साडेबारा व्होल्ट वायरमध्येच जिरतात. तुमचे मोजलेले १३ याला जुळतात, वरचा अर्धा-पाऊण व्होल्ट जोडांमध्ये गेला.

बल्ब असता तर व्होल्टेज पडल्यावर मंद झाला असता आणि कमी करंट घेतला असता. हा उलट वागतो. दुपारी वायर आधीच तापलेली, त्यात करंट जास्त, आणि वायरमधली उष्णता करंटच्या वर्गानं वाढते. १६ अँपिअरच्या सॉकेटवर तासन्‌तास १७ चालवणं म्हणजे घरात आगीची तयारी. हॅशरेट राहू द्या, खाली माणसं झोपतात.

सहा एमएमची स्वतंत्र वायर ओढा, मीटरपाशी तिचा वेगळा एमसीबी, वर इंडस्ट्रियल सॉकेट, दोन कॉर्डना दोन. अर्थिंग तपासून घ्या. वायरमनकडूनच करून घ्या, तुम्ही सोल्डरिंगमध्ये कितीही तरबेज असलात तरी.

---

फुटाळा_वारा · ११ मे, दुपारी ३:४०

काकांच्या मताशी सहमत, पण मंजूर भार किती आहे तेही बिलावर पाहा. घरच्या जोडणीत एक मशीन, दोन कूलर आणि एक एसी एकाच फेजवर आले तर मुख्य वायरही कमी पडेल. थ्री-फेज असेल तर मशीन कमी भाराच्या फेजवर घेता येते.

---

बर्डी_सोल्डर · १४ मे, रात्री ९:१०

वायरमन दादांनी कालच सहा एमएम ओढून दिली. जुनी वायर काढली तेव्हा एका जोडापाशी इन्सुलेशन तपकिरी होऊन कडक झालं होतं. आई बघत होती. ती काही बोलली नाही, पण मला रात्रभर झोप लागली नाही. काका, तुमचे आभार कसे मानू कळत नाही.

आजचे आकडे: दुपारी मीटरपाशी २०२, सॉकेटला १९९. बोर्ड आजही गेला, पण १२:३० ऐवजी १:४० ला.

---

अर्थिंग · १४ मे, रात्री ९:३०

वायरमधली तूट १३ वरून ३ वर आली, म्हणजे काम चोख झालं आहे. १९९ हे अजून काठावर आहे, कारण या सप्लायला किमान २०० लागतात. मीटरपाशीच २०२ येत असेल तर वीज कंपनीकडे कमी व्होल्टेजची लेखी तक्रार द्या, शेजारच्या दोन-तीन घरांनाही द्यायला सांगा. पण सव्वा तासानं का होईना बोर्ड जातो, म्हणजे आणखी एक कारण आहे. इथून पुढं मायनिंगवाल्यांनी बोलावं.

---

बुटीबोरी_शिफ्ट · १४ मे, रात्री १०:०२

आता माझी गोष्ट ऐका. मशीनच्या तोंडाशी हवा किती अंशांची आहे? खोलीतली नाही, गच्चीवरची नाही, पुढच्या पंख्यापासून चार बोटं अंतरावरची. साधा थर्मामीटर टांगा, भिंतीला चिकटवू नका. आणि मशीनच्या स्क्रीनवरच्या तापमानाशी ताडून पाहा. मे २०२४ च्या शेवटी नागपुरातल्या एका स्वयंचलित केंद्रानं ५६ अंश दाखवले होते, देशभर बातमी झाली आणि मग सेन्सरमध्ये दोष निघाला. सेन्सरवर डोळे झाकून विश्वास नको.

मागून निघालेली गरम हवा कुठं जाते तेही लिहा.

---

बर्डी_सोल्डर · १५ मे, दुपारी २:५०

गच्चीवर सावलीत ४३. मशीनच्या तोंडाशी ४९.

मागची हवा खिडकीकडे सोडली आहे. खिडकीला जाळी आहे आणि अर्धं दार लोखंडी आहे. अगरबत्ती लावून पाहिली तर धूर खिडकीपर्यंत जातो, तिथून वळतो, छताखालून परत पुढं येतो. मी तीन महिने ही खोली रोज बघतोय, हे कधी दिसलं नव्हतं.

---

बुटीबोरी_शिफ्ट · १५ मे, दुपारी ३:१५

सापडलं बघा. स्वतःचाच श्वास परत घेऊन राहिली आहे ती.

३२५० वॅट म्हणजे जवळपास एका टनाच्या एसीला बाहेर फेकावी लागते तेवढी उष्णता. दीड टनाचा एसी लावलात तरी त्यातला दोन तृतीयांश हिच्याच पोटात जाईल. म्हणून एसीचा विचार सोडा. हवा एका बाजूनं येऊन दुसऱ्या बाजूनं पूर्ण बाहेर गेली पाहिजे. आत-बाहेरचा फरक दहा अंशांत ठेवायचा तर तासाला हजार घनमीटरच्या वर हवा लागते. जाळी धुळीनं भरलेली असेल तर तेवढी जातच नाही. जाळी काढा आणि प्लायवूडची आडभिंत घाला, मशीनच्या मागच्या तोंडाएवढंच भोक ठेवून. मागची खोली गरम, पुढची गार, मध्ये फट नाही. फटी कापसानं नाही, फोमच्या पट्टीनं बुजवा.

मग पुढच्या बाजूला आपला डेझर्ट कूलर. मे महिन्यात आपली हवा इतकी कोरडी असते की चांगल्या ताट्या असल्या तर ४३-४४ ची हवा ३० च्या आसपास येते. पण तीन गोष्टी सांभाळा. कूलर मशीनपासून सहा-सात फूट लांब ठेवा, पाण्याचे तुषार बोर्डावर गेले तर आपल्या जड पाण्याचा क्षार चिपांच्या पायांवर बसतो आणि तो बोर्ड खातो. नवीन गवत असेल तर दोन दिवस नुसतं पाणी फिरवून त्याचा भुसा निघू द्या. आणि मृगाचा पाऊस आला की पाणी बंद करून फक्त पंखा चालवा, दमट हवेत कूलरनं गारवा येत नाही, ओल तेवढी येते.

---

फुटाळा_वारा · १५ मे, सायंकाळी ६:२०

उघडणारच असाल तर धूळही काढा. ब्लोअर मारताना पंख्याची पाती बोटानं धरून ठेवा, मोकळी फिरली तर मोटर उलटी वीज सोडते. चिपांवरच्या हीटसिंक (उष्णता ओढणाऱ्या धातूच्या पट्ट्या) ओढून बघू नका. त्या सोल्डरवर असतात, एक निखळली तर शेजारच्या चिपा शॉर्ट होतात.

---

बर्डी_सोल्डर · २० मे, रात्री १०:३०

आडभिंत झाली, कूलर लावला. तोंडाशी ३१ आहे, भर दुपारी. चार दिवसांतले तीन दिवस ९४ मिळाले. पण काल दुपारी ४:१० ला चेन १ पुन्हा गेली. रीस्टार्ट केल्यावर लगेच आली.

आता हे कशामुळे? व्होल्टेज तेव्हा २०६ होतं, हवा ३१. मला वाटतं बोर्डच कमजोर आहे आणि उन्हानं तो उघडा पाडला. चिपा एकामागे एक साखळीत आहेत, बोर्डावर ७६. एकीनं उत्तर द्यायचं थांबवलं तर पुढच्या सगळ्या दिसेनाशा होतात आणि मशीन अख्खा बोर्ड सोडून देते. माझ्याकडे हॉट एअर आहे, मायक्रोस्कोप आहे. उघडू का?

---

फुटाळा_वारा · २० मे, रात्री १०:५५

उघडा, पण चिपांना हात लावण्याआधी अदलाबदल करा. चेन १ ची डेटा केबल दुसऱ्या बोर्डाला आणि त्याची हिला. दोष बोर्डाबरोबर जातो, केबलबरोबर जातो, की जागेवरच राहतो ते पाहा. केबलबरोबर गेला तर केबल बदला. कंट्रोल बोर्डाच्या पोर्टापाशी राहिला तर तो पोर्ट. बोर्डाबरोबर गेला तर मग बोर्डाची वीज आणि बोर्ड स्वतः, याच क्रमानं. एका वेळी एकच बदल करा, नाहीतर बरं झालं तरी कशानं झालं ते समजणार नाही.

---

बर्डी_सोल्डर · २३ मे, रात्री ८:१५

दोष बोर्डाबरोबर गेला.

म्हणून बोर्ड बाहेर काढायला बसलो. पॉवर सप्लायपासून बोर्डाकडे ज्या तांब्याच्या पट्ट्या येतात, त्यांचे स्क्रू सोडवायला स्क्रूड्रायव्हर लावला. बाकी दोन बोर्डांच्या स्क्रूंना जोर लावावा लागला होता. या बोर्डाचा एक स्क्रू अर्ध्या आट्यातच निघाला. पट्टीखाली काळसर गोल डाग, एका कडेला तांबं निळसर झालेलं. फोटो लावला आहे.

मशीन ट्रान्सपोर्टनं आली होती, वाटेत हादऱ्यांनी ढिला झाला असेल. तीन महिने तिथं ठिणग्या नाहीत, आवाज नाही, काहीच नाही, फक्त उष्णता.

आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसलं, बारीक पॉलिश पेपरनं डाग काढला, कण राहिला नाही ना ते मायक्रोस्कोपखाली पाहिलं, स्क्रू नवा घालून नीट आवळला. चिपांना हातही लावला नाही.

---

अर्थिंग · २४ मे, सकाळी ६:१०

फोटो पाहिला. हा ढिल्या जोडाचाच डाग आहे. बोर्डाला कमी व्होल्टेजवर मोठा करंट जातो, तिथं किंचित रोधही पुरतो. जोड तापतो, तापला की रोध वाढतो, रोध वाढला की आणखी तापतो. उन्हाळ्यात हे चक्र दुपारी उंबरठा ओलांडायचं, रात्री थंड होऊन मागं यायचं. मार्चमध्ये हवा गार होती म्हणून भागलं. वायर आणि हवा सुधारल्यावर तीन दिवस भागलं, तेही त्यामुळेच.

एक विनंती. महिन्यानं मशीन बंद करून सगळे स्क्रू पुन्हा तपासा.

---

बर्डी_सोल्डर · २८ मे, रात्री ११:००

सलग पाच दिवस. चोवीस तासांची सरासरी ९४.१. नवतपा सुरू आहे, बाहेर रस्त्यावर कुत्रंही नाही, आणि चेन १ एकदाही गेली नाही. रिजेक्ट, म्हणजे पूलनं नाकारलेलं काम, अर्ध्या टक्क्याच्या आत. तुम्ही सगळ्यांनी माझा एक चांगला बोर्ड दिल्लीला जाण्यापासून वाचवला.

---

धंतोली_हिशेब · २९ मे, सकाळी ९:४५

दादा, पूर्ण धागा वाचला आणि मनापासून आनंद झाला. पण एक गोष्ट कुणी लिहिली नाही, ती लिहिल्याशिवाय राहवत नाही.

३२५० वॅट चोवीस तास म्हणजे दिवसाला ७८ युनिट, महिन्याला २३४०. कूलर वेगळा. एप्रिल २०२४ च्या हाविंगनंतर (तेव्हा मायनिंगचं बक्षीस निम्मं झालं) प्रत्येक ब्लॉकला, म्हणजे व्यवहारांच्या एका गठ्ठ्याला, ३.१२५ बिटकॉइन मिळतात, दिवसाला साधारण १४४ ब्लॉक, म्हणजे जगभरच्या सगळ्या मशीनींमध्ये मिळून ४५० बिटकॉइन वाटले जातात. जगाचा हॅशरेट ढोबळमानानं ९०० एक्साहॅश धरा (एक एक्साहॅश म्हणजे दहा लाख टेराहॅश). तुमचे ९५ टेराहॅश म्हणजे त्यातला साधारण पंचाण्णव लाखांतला एक वाटा. दिवसाला ०.००००४७ बिटकॉइन. भाव ८५ लाख धरला तर ४०० रुपये. ४०० भागिले ७८ म्हणजे पाच रुपये तेरा पैसे. युनिट त्याच्या आत पडत असेल तरच वीज सुटते, मशीनची किंमत तर सोडाच. महिन्याला दोन हजार युनिट ओलांडणाऱ्या घरगुती ग्राहकाचं बिल काढून पाहा.

दुसरं, घरगुती जोडणीवर व्यवसाय. वीज कायदा २००३ च्या कलम १२६ खाली हा अनधिकृत वापर ठरला तर लागू दराच्या दुप्पट आकारणी होते.

तिसरं, कर. एप्रिल २०२२ पासून ३० टक्के, आणि वीज किंवा मशीनचा खर्च त्यातून वजा करता येत नाही, हे सरकारनं संसदेत स्पष्ट केलं आहे.

तुमचं मन मोडायचं नाही. पण तुम्ही दोन वर्षं साठवलेले पैसे आहेत असं पहिल्याच ओळींत लिहिलंत.

---

बुटीबोरी_शिफ्ट · २९ मे, सकाळी ११:१०

ताई बरोबर बोलल्या. मी स्वतः ग्राफिक कार्डांवर इथेरियम (बिटकॉइनसारखंच दुसरं डिजिटल चलन) काढायचो, १५ सप्टेंबर २०२२ ला ते एका दिवसात संपलं. तेव्हा कुणी मला असा हिशेब मांडून दाखवला असता तर शेवटची चार कार्डं घेतली नसती.

फ्रिक्वेन्सी, म्हणजे चिपांचा वेग, उतरवून चालवली तर युनिटमागं थोडं जास्त निघतं, कारण व्होल्टेजही कमी करता येतं आणि वॅट हॅशपेक्षा वेगानं उतरतात. पण आपल्या घरगुती दराला तेही पुरणार नाही.

---

फुटाळा_वारा · २९ मे, दुपारी १२:३०

सोलरचं कुणी सुचवेल म्हणून आधीच लिहितो. गच्चीवर तीन किलोवॅट बसवले तर दिवसाला सरासरी बारा युनिटच्या आसपास येतात. मशीनला ७८ हवेत.

---

बर्डी_सोल्डर · ३१ मे, रात्री १०:४०

ताई, बिल काढून पाहिलं. दोनदा केलं, आकडा तोच आला. तुमचा राग आला नाही, उलट आधी का नाही विचारलं असं वाटलं. काल रात्री मशीन बंद केली. गच्ची एकदम शांत झाली. ७५ डेसिबलचा तो आवाज इतके दिवस कानात होता की शेजारच्या घरातलं तान्हं बाळ रडताना पहिल्यांदा ऐकू आलं.

मशीन विकायला काढतोय, घेणाऱ्याला हा धागा वाचायला देईन, डागाचा फोटोही. पण या तीन आठवड्यांत मी जे शिकलो ते दुकानात दहा वर्षांत शिकलो नव्हतो. बोर्डाची साखळी, क्लॉक (चिपांना ताल देणारा सिग्नल) पहिल्या चिपेकडून शेवटच्या चिपेकडे जातो आणि उत्तर शेवटून पहिल्याकडे येतं, हे मोबाइलच्या बोर्डापेक्षा वेगळं आणि फार सुंदर आहे. विदर्भात कुणाकडे बंद पडलेला हॅशबोर्ड असेल तर मला बघायला आवडेल. सध्या पैसे घेणार नाही, सुटे भाग लागले तर तेवढेच.

---

वर्धा_रोड · १ जून, सकाळी ८:०५

भाऊ, माझ्याकडे एस९ चे दोन बोर्ड पडून आहेत. एक अजिबात दिसत नाही. दुसऱ्यावर ६३ पैकी ४१ चिपा सापडतात. शनिवारी घेऊन येऊ का?

---

बर्डी_सोल्डर · १ जून, सकाळी ८:२०

या दादा. पण आधी एक करून पाहा: मशीन पाच-सहा वेळा थंड होऊ देऊन चालू करा आणि दर वेळचा आकडा लिहून ठेवा. प्रत्येक वेळी ४१ वरच थांबते, की आकडा बदलतो?